पडक्या चर्चचा चिरा

— द्वितीय वर्ष कला (इतिहास)

जुनी इमारत म्हटली की आपल्याला दोनच वाटा दिसतात. एक तर ती पाडून तिच्या जागी नवी बांधायची, नाहीतर ती आपोआप कोसळेपर्यंत तिच्याकडे पाहायचेच नाही. पहिल्या वाटेला आपण जीर्णोद्धार म्हणतो. दुसरीला नाव द्यावे असेही कोणाला वाटत नाही. परंतु या दोहोंमधून जाणारी एक तिसरी वाट आहे. जी इमारत पडली आहे ती पडलेलीच राहू द्यायची, मात्र आहे त्यापेक्षा अधिक पडू द्यायची नाही. पुरातत्त्वाच्या भाषेत यास जतन म्हणतात. ऐकताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नवी भिंत बांधण्यापेक्षा पडकी भिंत पडकी ठेवणे कितीतरी अवघड आहे. ते का, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरण घेतले आहे ते जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चचे. आपल्या अभ्यासक्रमात भारताचे मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत येते. त्या हिशेबाने हे मध्ययुगाच्या उत्तरार्धातील चर्च होय. आमच्या इतिहास विभागाची शैक्षणिक सहल तेथे गेली होती. आणखी एक कारण घरचे आहे. आमचे वडील सिंधुदुर्गातील एका चिरेखाणीवर काम करतात. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे इतिहास मला पुस्तकातून शिकावा लागला, पण जांभ्या दगडाची ओळख घरीच झाली. सेंट ऑगस्टीनचे चर्च मुख्यतः याच जांभ्याचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. जुन्या गोव्यात 'मोंते सांतो' म्हणजे पवित्र टेकडी नावाची टेकडी आहे. तिच्यावर ऑगस्टीनियन पंथाच्या साधूंनी हे चर्च बांधले. ते १६०२ मध्ये पूर्ण झाले. चर्चला लागूनच साधूंचा मठ होता. पुढे रोगराईमुळे जुने गोवे ओसाड होऊ लागले व वस्ती पणजीकडे सरकली. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथांचे मठ बंद करण्याचा हुकूम काढला आणि १८३५ मध्ये गोव्यातील साधूंना मठ सोडावे लागले. इमारत रिकामी झाली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चची प्रचंड कमान-छत कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी बाजू आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. १९३८ मध्ये आणखी काही भाग गेला. चर्चची मोठी घंटा मात्र आधीच हलविली होती. ती १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. आज टेकडीवर सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोऱ्याचा एक भाग उभा आहे. त्याच्या पायाशी भिंती, वेद्या, कोरीव दगड आणि थडग्यांच्या शिळा आहेत.

या तारखा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. माणसे राहत होती तोवर सुमारे सव्वादोनशे वर्षे इमारत उभी राहिली आणि माणसे गेल्यावर सात वर्षांत छत गेले. याचा अर्थ दगड एकाएकी कमजोर झाला असा नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारा, नळ साफ करणारा, भिंतीत उगवलेले रोप वेळीच उपटणारा हात नाहीसा झाला. कोकणात ज्याचे मातीचे घर आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. दोन पावसाळे घर बंद ठेवले तर तिसऱ्या पावसाळ्यात भिंत बसते.

आता जांभ्याकडे वळू. लाखो वर्षे उष्ण हवामान व जोराचा पाऊस यांच्या माऱ्याखाली मूळ खडक कुजत जातो. त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. तोच जांभा. लोहामुळे त्याला तांबूस रंग येतो. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारमधील या दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून ते घेतलेले आहे. नाव अगदी योग्य आहे, कारण खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो. तो विटेसारखा तासता येतो आणि उघड्या हवेत राहिला की कडक होतो. म्हणून खाणीवर चिरा काढल्याबरोबर घडवून घेतात.

मात्र या दगडाच्या अंगात एक खोड आहे. तो सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरट-पिवळसर माती भरलेली असते. सतत पाणी लागले की ही माती धुऊन जाते. मग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सांगाडा उरतो, आणि त्यात आणखी पाणी शिरते. शेवाळ व सूक्ष्म वनस्पती धरून चिरा काळा पडतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. म्हणूनच जुन्या गोव्यातील चर्चेसच्या भिंती मुळात चुन्याच्या गिलाव्याने झाकलेल्या होत्या. आज आपण तांबड्या उघड्या चिऱ्याचे सौंदर्य पाहून खूश होतो, पण ते बांधणाऱ्यांच्या मनातील सौंदर्य नव्हे. तेथून जवळच असलेल्या बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज राजवटीतच, काढून टाकण्यात आला. उघड्या पडलेल्या चिऱ्याची झीज पाहून तो पुन्हा करावा की नाही, याचा वाद अलीकडे झाला. गिलावा म्हणजे भिंतीची शोभा असे आपण समजतो. वस्तुतः तो भिंतीचे इरले आहे.

सहलीत काढलेली छायाचित्रे मी वडिलांना दाखविली. शाळेत ते चौथीपर्यंतच गेले. बराच वेळ पाहून ते एवढेच म्हणाले, "चिरो पावसाक भियणा नाय, साठलेल्या पाण्याक भियता." नंतर मी याविषयी जे काही वाचले त्याचा सारांश या एका वाक्यात बसतो असे मला वाटते.

पडक्या इमारतीत पाणी साठते कसे? चांगल्या इमारतीत भिंतीला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू पाऊस झेलण्यासाठी बांधलेली असते, आतली नसते. छप्पर गेले की हा भेदच नाहीसा होतो आणि आतली भिंत बाहेरची होऊन बसते. जेथे कधी थेंबही पडणार नाही अशा समजुतीने रंगकाम व नक्षीकाम केले, तेथे आता चार महिने धारा लागतात. दुसरे असे की, जुन्या जाड भिंती सबंध घडीव चिऱ्यांच्या नसतात. दोन्ही अंगांना घडीव दगडांचे पडदे आणि मध्ये लहानमोठे दगड व चुना यांची भर असते. छप्पर होते तोवर भिंतीचा माथा झाकलेला होता. तो उघडा पडला की पाणी वरून थेट पोटात उतरते. भरीतला चुना हळूहळू विरघळून जातो, आत पोकळी होते, वरचा भार बाहेरच्या पडद्यांवर येतो. भिंतीला पोट सुटते आणि एके दिवशी बाहेरचा पडदा सुटून खाली येतो. बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एकाएकी का पडते, याचे हे उत्तर आहे.

म्हणून पडक्या भिंतीवर पहिला उपचार तिच्या माथ्यावर करतात. तुटलेल्या माथ्यावरचे सैल दगड नोंद करून काढतात, ते चुन्यात पुन्हा बसवितात आणि वरच्या थराला असा उतार देतात की पाणी कोठेही न थांबता बाहेर पडावे. माथ्याचा तुटका आकार मात्र तसाच राहू देतात. तो सरळ रेषेत कापला तर पडकी भिंत कुंपणाच्या भिंतीसारखी दिसेल. दुसरा उपचार पोटावर. भिंतीला लहान छिद्रे ठेवून त्यांतून पातळ चुन्याचा रस आत सोडतात. सुरुवात खालून करून क्रमाक्रमाने वर जातात, म्हणजे आत हवा कोंडत नाही. हे काम सावकाश करावे लागते. एकदम पुष्कळ रस ओतला तर त्याच्या दाबानेच भिंत फुगते.

तिसरा उपचार सांध्यांचा. येथेच सर्वांत मोठी चूक होते, कारण येथे सिमेंट हाताशी असते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये निघाले. हे चर्च बांधले त्या काळी ते अस्तित्वातच नव्हते. या भिंतीचे सांधे चुन्याचे आहेत. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कळीचा चुना मिळतो. पाण्यात विरवला की तो फुलतो. भिंतीत गेल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन तो सावकाश पुन्हा चुनखडीच होतो. कोकणपट्टीत शिंपल्यांचा चुना पाडण्याची रीत जुनी आहे. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा अशा वस्तू घालण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे.

चुन्याचा सांधा चिऱ्यापेक्षा मऊ असतो आणि त्यातून ओल बाहेर पडू शकते. भिंत तापली, थंड झाली, किंचित हलली तर तो ते सोसतो. झिजायचेच असेल तर आधी सांधा झिजतो, आणि सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंटचे याच्या अगदी उलट आहे. ते चिऱ्यापेक्षा कठीण असते आणि ओल अडविते. मग भिंतीतील ओल बाहेर पडायला चिऱ्यातूनच वाट काढते. पाण्याबरोबर आलेले क्षार चिऱ्याच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची ढलपी उडते. काही वर्षांनी काय दिसते? सिमेंटचे सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि मधला चिरा खोबणीसारखा आत गेलेला. दुरुस्ती टिकली आणि भिंत गेली! तात्पर्य, जुन्या दगडाच्या शेजारी बसणारी वस्तू त्याच्याहून बलवान असता कामा नये, हा या शास्त्रातला पहिला नियम होय.

चौथा उपचार झाडांचा. पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून पिंपळ, वड भिंतीत उगवतात. रोप लहान असताना उपटणे सोपे असते. मोठे झाल्यावर ते ओढून काढू नये, कारण मूळ बाहेर येताना आपल्याबरोबर चिरेही घेऊन येते. खोड कापायचे, मूळ औषधाने मारायचे आणि त्याने केलेली पोकळी चुन्याने भरून काढायची, अशी रीत आहे. शेवाळ काढतानाही तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा चालत नाही. हवेत कडक झालेली चिऱ्याची कातडी एकदा निघाली की आतला मऊ भाग उघडा पडतो.

मनोऱ्याचा प्रश्न याहून निराळा आहे. कमानीच्या बांधकामात प्रत्येक दगड शेजारच्याला रेटत असतो आणि एका भागाचा रेटा दुसरा भाग तोलून धरतो. अर्धा मनोरा पडला म्हणजे उरलेल्या अर्ध्याचा जोडीदार गेला. अशा बांधकामावर सतत नजर ठेवावी लागते. यासाठी एक साधी युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. तड्याच्या दोन्ही काठांना जोडून काचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवतात आणि तिच्यावर तारीख घालतात. पट्टी अभंग राहिली तर तडा जुना व स्थिर. तडकली तर भिंत हलते आहे. आता अचूक उपकरणे आली आहेत, तरी तत्त्व तेच. आधी रोग ओळखायचा, मग औषध.

येथे कोणीही विचारील की एवढी उस्तवार करण्यापेक्षा सबंध चर्च पुन्हा का बांधू नये? जुनी वर्णने आहेत, दगडही आहे. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फार गाजला. तेथील मध्ययुगीन चर्चेसचे जुने थर खरवडून, वास्तुकारांच्या कल्पनेप्रमाणे ती 'मूळ रूपात' आणण्याची लाट आली होती. ट्यूक्सबरी येथील चर्चच्या अशाच कामाने संतप्त होऊन कवी व कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. रोजची निगा राखून मोठी पडझड टाळावी, आणि जुन्याच्या नावाखाली नवे खपवू नये, असा तिचा आग्रह होता. हा विचार आपल्याकडेही आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाच्या कामाची जी नियमपुस्तिका काढली, तिच्यावर याची छाप आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर हे तत्त्व जगभर पोहोचविले. जेथून तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. खाली पडलेला मूळ दगड त्याच्या जागी बसविता येतो, परंतु नवे काम नवे म्हणून ओळखू आले पाहिजे.

हे नुसते पंडितांचे सोवळे आहे असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर या चर्चनेच दिले आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्मांतरास नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये गोव्यात आणला. मठातील सभेच्या दालनात, दुसऱ्या खिडकीशी, दगडी पेटीत त्या ठेवल्याचा उल्लेख पोर्तुगीज कागदांत होता. पण दालनच ढिगाऱ्याखाली! पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा थराथराने उपसला, भिंतींचे पाये मोकळे केले, तेव्हा कोठे दालन कोणते आणि खिडकी कोणती हे ठरविता आले. २००४ मध्ये तेथे हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात त्याची डीएनए तपासणी झाली. भारतात न आढळलेला, पण जॉर्जियातील लोकांत आढळणारा आनुवंशिक गट त्यात मिळाला. २०२१ मध्ये भारत सरकारने हा अवशेष जॉर्जियाला दिला.

आता कल्पना करा की कोणी सद्‌भावनेने हा ढिगारा ट्रकांत भरून नेला असता आणि त्या जागी सुंदर नवे चर्च उभारले असते. मग 'दुसरी खिडकी' हे शब्द कागदावर राहिले असते, पण जगात त्यांना जागाच उरली नसती. पडका दगड म्हणजे नुसता दगड नव्हे, तो पुरावा आहे. आणि पुरावा आपल्या सोयीने दुरुस्त करीत नाहीत.

आणखी एक आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकला आहे. परक्या राज्यकर्त्यांच्या या खुणा, त्या आपण कशासाठी सांभाळायच्या? पोर्तुगीज अमलात या भूमीवर जे अन्याय झाले ते विसरावेत असे मी म्हणत नाही. ते लक्षात ठेवायचे तरी त्या काळाचा पुरावा उभा असावा लागतो. शिवाय हुकूम परक्यांचा असला तरी चिरा याच मातीतला आहे. तो खणणारे, डोक्यावरून टेकडीपर्यंत वाहणारे हातही याच भूमीतले. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. त्यांनी घडविलेला चिरा हीच त्यांची सही. माझ्या घरात हे काम चालते म्हणून कदाचित मला ती सही चटकन दिसत असेल.

जुन्या गोव्यातील चर्चेस व मठ यांना १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि तेथे लक्ष द्यायला सरकार आहे. पण आपल्या गावांतल्या दगडांना कोण आहे? आमच्या गावातील जांभ्याचे जुने देऊळ मी आठवीत असताना पाडण्यात आले. तेथे आता काँक्रीटचे, चकचकीत फरशीचे देऊळ आहे. देवळात रोज पूजा होते, लोकांना जागा लागते, पावसात गळून चालत नाही, हे मला मान्य आहे. नांदते देऊळ आणि ओसाड चर्च यांना एकच नियम लावता येणार नाही. पण काढलेल्या चिऱ्यांचे काय झाले, हे मी विचारले तेव्हा काही भरावात गेले आणि काही कोणाच्या गडग्यात गेले, असे कळले. त्यांत एक नक्षीची चौकट होती. तिचे एक छायाचित्रही कोणी काढून ठेवले नाही.

दुसरी हानी माणसांची आहे. आता बहुतेक चिरा यंत्राने कापला जातो. तो चारी बाजूंनी गुळगुळीत व एका मापाचा निघतो, घरासाठी सोयीचा असतो. परंतु जुन्या भिंतीत तुटलेल्या चिऱ्याच्या जागी बसवायचा तर त्याच जातीचा, तितक्याच पोकळ्यांचा दगड निवडून हाताने घडवावा लागतो. चिरा हातात घेऊन तो 'बरा' की 'मातीचा' हे सांगणारी माणसे आमच्या वडिलांच्या पिढीत आहेत, माझ्या पिढीत मला फारशी दिसत नाहीत. चुना मळणाऱ्यांचेही तेच. जतनाचे शास्त्र प्रयोगशाळेत कितीही पुढे गेले तरी शेवटी भिंतीवर हात ठेवणारा गवंडी लागतोच. माझ्या मते हे ज्ञानही पुराणवस्तूइतकेच जपण्यासारखे आहे, आणि ते जपायचे तर त्याला योग्य मजुरी व मान मिळायला हवा.

वाचक मित्रांनो, आपण काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी एखादे जुने देऊळ, बारव, दीपमाळ, मशीद, चर्च किंवा गढीची भिंत असेल. संरक्षित स्मारकावर नाव कोरले तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असंरक्षित दगडाला मात्र आपल्या समजुतीखेरीज कसलेच संरक्षण नाही. उद्या ग्रामसभेत अशा बांधकामाचा विषय निघाला, तर शिकलेल्या मुलामुलींनी उठून तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी कोठून शिरते ते पाहिले आहे काय? जुना सांधा चुन्याचा असेल तर त्यावर सिमेंट का भरता? आणि काढलेला प्रत्येक दगड कोठे ठेवणार, त्याचे छायाचित्र व नोंद कोण करणार? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत. मात्र ते विचारायचे, तर पावसाळा लागण्यापूर्वी विचारले पाहिजेत.